भुवया दिसल्या पाहिजेत

ताई दुभाषी आहे. बोलणाऱ्यांचं ती खुणांनी सांगते, खुणा करणाऱ्यांचं तोंडाने. तिच्या मोठ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे आपण आधी हातांनी बोलायला लागलो आणि मग तोंडाने, असं ती म्हणते. मी तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मी साहित्याची पदवी घेतली आहे, म्हणून ती मला ‘साहित्यिक’ अशी हाक मारते. बहुतेक वेळा कचऱ्याची पिशवी खाली न्यायला.

दोनेक महिने झाले, ती घरूनच काम करते. एका मोठ्या हॉस्पिटलात ऐकू न येणारा पेशंट आला की त्याच्या खाटेजवळ स्टँडवर टॅबलेट लावतात आणि त्यात ताई उगवते. डॉक्टर बोलतात, ताईचे हात सांगतात. पेशंटचे हात विचारतात, ताई बोलून दाखवते.

या कामासाठी तिने मागची खोली रिकामी केली. पाठीशी गडद निळा पडदा. पडद्यामागे जुनं लोखंडी कपाट. अंगात लांब बाह्यांचा साधा काळा शर्ट, बोटांत अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही. चमकणारं काही दिसलं की बघणाऱ्याचं लक्ष हातांवरून उडतं. काम चालू असताना खोलीचं दार बंद. आत कुणालाही प्रवेश नाही, अगदी नेट दुरुस्त करणाऱ्यालाही.

नेटचा त्रास पहिल्यापासून होता. चित्र मधेच थिजायचं, पुन्हा चालू व्हायचं. मग एक दिवस नको तेव्हा थिजलं.

पेशंट गरोदर बाई होती. तिला ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठे दुखतंय? खुणांच्या भाषेत असा प्रश्न विचारताना भुवया आवळतात. आपण जो सूर आवाजात आणतो, तो तिथे चेहऱ्यावर असतो. ताईने भुवया आवळल्या, हात उचलला आणि चित्र अडकलं.

तिकडे टॅबलेटवर ताई तशीच. कपाळाला आठ्या, हात अधांतरी. बाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने त्याचा एकच अर्थ लावला. बाळाचं काहीतरी बिनसलंय. चित्र सुरू झालं तेव्हा ती हमसून रडत होती आणि डॉक्टर गोंधळून नर्सकडे बघत होते. बाळ ठणठणीत होतं. ताईला बाईची समजूत घालायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. मी तिथेच होते.

“त्या बाई सोमवारी पुन्हा येतायत,” पलीकडच्या मॅडम म्हणाल्या. “त्यांनी तुम्हालाच मागितलंय. पण पुन्हा तसं झालं, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. कायमचं.”

“बरोबर आहे,” ताई म्हणाली. “मी तुमच्या जागी असते तर कालच बघितलं असतं.”

तिने फोन ठेवला. मला वाटलं, आता रडेल.

“साहित्यिक, चहा टाक. सोमवारच्या आत नेट बदलायचं की नाही ते ठरवू.”

जुनं नेट केबलवाल्या काकांचं. स्कूटरला शिडी बांधून फिरणारा माणूस. फोन केला की येतो. खांबावर चढतो, वायर तपासतो, बाहेरूनच ओरडतो, “ताई, माझ्या बाजूने सगळं चोख!” ताईचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, मुलीचं परदेशी जाणं, सगळं काकांनी शिडीवरून पाहिलेलं. नवीन नेट एका मोठ्या कंपनीचं. त्यांच्याकडची एक विक्री करणारी मुलगी कंपनीचा टी-शर्ट घालून आली.

“मॅडम, अख्खा सिनेमा डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरेल.”

“मला काही उतरवायचं नाही. मलाच पलीकडे पोचायचंय. तिकडे माझा चेहरा कसा दिसेल ते सांगा.”

मुलगी जरा अडखळली. मग खरं बोलली. “ते लावल्याशिवाय नाही सांगता येणार. पहिला महिना लावून बघा. नाही पटलं तर आम्हीच काढून नेऊ.”

“आता कसं बोललात! लावा.”

मी ताईला बाजूला घेतलं. “अगं, काकांचं काय? इतक्या वर्षांचं नातं.”

“नातं काकांशी आहे. वायरशी नाही.”

चार वर्षं कादंबऱ्या वाचून मला असं एक वाक्य सुचलेलं नाही.

कंपनीचा माणूस आला आणि ताईने दाखवली त्या जागी नेटचा नवा डबा जोडून गेला. शनिवारी परीक्षा ठरली. परीक्षक दादा, म्हणजे ताईचा भाऊ. फर्निचरला पॉलिश करायचं काम करायचा, आता निवृत्त, मागच्या गल्लीत राहतो. तो आपल्या घरी फोन समोर धरून बसणार, ताई मागच्या खोलीतून त्याच्याशी बोलणार. आधी जुन्या नेटवरून, मग नव्या.

जुन्यावर चित्र थिजलं. अपेक्षितच होतं.

नव्यावरही थिजलं.

कंपनीच्या मुलीचं तोंड उतरलं. ती मुद्दाम परीक्षेला आली होती. काकाही आले होते, दारात हाताची घडी घालून. नवं नेट अडकलं तसे ते खुशीत आले. “डोळ्याचं पातं लवलं का गं पोरी?”

माझा धीर सुटला. दोन्ही नेटं नापास, मधे फक्त रविवार. ताई मात्र खुर्चीत मागे टेकून विचार करत होती. “दोघंही एकाच जागी अडकतायत,” ती म्हणाली. “म्हणजे दोष दोघांचा नाही.”

तेवढ्यात दादा स्वतःच चालत आला. वैतागला होता. त्याचे हात इतक्या वेगाने चालले की मला अर्धंच कळलं. ताईने आमच्यासाठी बोलून दाखवलं, स्वतःवरची टीकासुद्धा त्याच आवाजात: “म्हणतोय, निम्मा वेळ तुझ्या थोबाडाचा फोटो बघत होतो. आणि फोटोत तू लहानपणापासून वाईटच येतेस.”

दादा खोलीत फिरला. भिंती बघितल्या, छत बघितलं. मग त्याने विचारलं, “डबे कुठायत?”

ताईने पडदा सारला. लोखंडी कपाट उघडलं. मधल्या फळीवर दोन्ही डबे शेजारी शेजारी होते, हिरवे दिवे लुकलुकत. वायरी कपाटाला मागून पाडलेल्या भोकातून आत आलेल्या.

केबलवाल्या काकांनी कपाळाला हात लावला. “अहो ताई! मी तो बाहेर भिंतीवर लावला होता! लोखंडी पेटीत कोंडलात तर तो बिचारा बोलणार कसा?”

“दिवे लुकलुकतात म्हणून आत ठेवला. बघणाऱ्याचे डोळे तिकडेच जातात.”

“कोण म्हणालं?”

ताईने सावकाश दादाकडे वळून बघितलं. दादाने छताकडे.

मग बहीणभावाचं जे भांडण झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. खोलीत आवाज काडीचा नाही, फक्त शर्टांच्या बाह्यांची सळसळ. ताई मधेच आमच्यासाठी तोंडाने सांगायची. “मी म्हणतेय, तूच म्हणालास, दिवे डोळ्यांत खुपतात. तो म्हणतोय, झाक म्हणालो होतो, पुरून टाक नाही म्हणालो.” कंपनीची मुलगी हसून हसून भिंतीला टेकली.

कपाटाबाहेर काढल्यावर दोन्ही नेटं चालली. एकदाही अडकली नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, संपलं, आता बदलायची गरजच नाही. काकांचाही तसाच समज झाला. ते शिडी उचलायला निघाले.

“थांबा काका,” ताई म्हणाली. “अजून ठरलेलं नाही.”

तिने दादाला परत घरी पाठवलं. कोणतं नेट चालू आहे ते त्याला सांगायचं नाही असं ठरलं. ताईने पहिल्या नेटवरून एक गोष्ट सांगितली, मग दुसऱ्यावरून तीच. दादा बघत राहिला. मग म्हणाला, “पहिल्यात हात दिसतात. चेहरा पाण्यात पडल्यासारखा. दुसऱ्यात भुवया दिसतात.”

दुसरं नेट नवं होतं.

ताईने काकांकडे बघितलं. मी जमिनीकडे. अशा वेळी माणसं काहीतरी गोड बोलतात, विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतात. मी तेच केलं असतं.

“काका, तुमचं नेट बंद करते. तुमचं काही चुकलं नाही, उलट मीच तुम्हाला उगाच खांबावर चढवलं. पण त्या बाईला माझ्या भुवया दिसल्या पाहिजेत.”

ओठ मुडपून काकांनी खिडकीबाहेरच्या आपल्या वायरीकडे पाहिलं.

“चहा तरी बंद नाही ना केलात?” ते म्हणाले.

“तो कसा होईल!”

मग ते शिडी घेऊन आत आले. नवा डबा त्यांनी कपाटाच्या डोक्यावर, पडद्याच्या वर चढवला. खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि एकेका दिव्यावर लावली.

“काका, तो आमच्या कंपनीचा आहे,” मुलगी म्हणाली.

“दिसतंय गं. दुसऱ्याच्या पोराला टोपडं घालतोय.”

सोमवारी ताईने मला खोलीत बसू दिलं. कोपऱ्यात, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. “हललीस तर बाहेर,” एवढंच म्हणाली.

स्क्रीनवर ती बाई आली. उशीला टेकून, एक हात पोटावर. ताईला बघून तिने ओळखीचं हसू दिलं, पण खांदे आखडलेलेच होते.

डॉक्टरांनी विचारलं, “मागच्या वेळी सांगितलं नाहीत. कुठे दुखत होतं?”

तोच प्रश्न. ताईने हात उचलला. भुवया आवळल्या. बाईने श्वास रोखलेला मला दिसला. मीही रोखला.

ताईचे हात पुढे सरकले, प्रश्न पूर्ण झाला आणि भुवया मोकळ्या झाल्या.

बाईने पोटावरचा हात उचलला आणि कमरेच्या डाव्या बाजूला नेऊन दाखवलं. मग दोन्ही हातांनी बरंच काही सांगायला लागली.

“डॉक्टर,” ताई मोठ्याने म्हणाली, “त्या म्हणतायत, कंबर रात्री दुखते. आणि म्हणतायत, बाळ फार लाथा मारतंय, ते बापावर गेलंय का ते तपासा.”