आधी चौकशी, मग चहा

अबू नासरांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नसे, आपला फोन वाजत असे. वरच्या खिडकीचा पडदा बोटभर सरके आणि फोनमधून मराठीत विचारणा होई, "कोण आहे?"

"मी. शेजारचा महेश."

"अजून कोण?"

"कोणी नाही हो."

"मागे बघा."

डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या भुरभुर पावसात मी मागे वळून बघायचो. मागे त्यांचीच टॅक्सी उभी असायची. तेवढी खात्री पटली की ते खाली येत, साखळी न काढता दार किलकिलं करत, माझं तोंड आणि दोन्ही हात बघून घेत आणि मग म्हणत, "या. चप्पल बाहेर."

आयर्लंडमध्ये एका येमेनी माणसाच्या तोंडून पहिल्यांदा "चप्पल बाहेर" ऐकलं, तेव्हा मलाच त्यांचा संशय आला होता. हा कोण, मराठी कुठून शिकला आणि ते माझ्याशीच का बोलतो? खुलासा साधा होता. ते मूळचे एडनचे. तरुणपणी पुण्यात बी.कॉम. केलं आणि तोवर एका बाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. त्यांचं सगळं मराठी त्या घरमालकीणबाईंचं होतं, त्यामुळे आज्ञा, सूचना आणि चौकशी यांपलीकडे त्यात फारसं काही नव्हतं. "पाणी जपून." "दहानंतर दार बंद." "पाहुणे चालणार नाहीत."

"ती बाई रोज सकाळी माझी भांडी हुंगायची," ते सांगत. "मटण शिजवलं का म्हणून. भाऊ, तिने संशय घेतला, मला भाषा मिळाली. फायद्यात कोण?" त्या बाईंचंच एक वाक्य त्यांनी जन्माचं धोरण म्हणून उचललं होतं: आधी चौकशी, मग चहा.

अबू नासर म्हणजे नासरचा बाप. थोरल्या मुलाच्या नावाने आईबापांना हाक मारायची त्यांच्याकडे रीत. म्हणून ते अबू नासर, बायको उम्म नासर. नासर मात्र आठ वर्षांचा. त्याच्या आधीची हनान शाळेच्या शेवटच्या वर्षात. तिला ही रीत मान्य नव्हती. "आय वॉज हिअर फर्स्ट, लाइक," असं ती अस्सल डब्लिनी हेल काढून म्हणायची. अबू नासर ऐकू न आल्यासारखं करायचे.

महामारी आली आणि विमानतळ ओस पडला. त्यांची टॅक्सी विमानतळावरच्या गिऱ्हाइकांवर चालायची. ती दारात उभी राहिली. सरकारने काम गेलेल्यांना दर आठवड्याला पैसे देऊ केले, तेव्हा सगळी गल्ली सुटकेचा श्वास घेत होती आणि अबू नासर मला खिडकीतून विचारत होते, "फुकट का?"

"अहो, काम बंद आहे म्हणून."

"काम त्यांनीच बंद केलं. आता पैसे तेच देतात. मग नंतर काय मागतील?"

शेवटी उम्म नासरनी त्यांना न विचारताच अर्ज करून टाकला. पण त्या पैशांवर दोन घरं चालायची नाहीत. एडनला भावाचं कुटुंब त्यांच्याच पैशांवर होतं. म्हणून उम्म नासरनी वृद्धाश्रमात रात्रपाळी धरली. लग्नानंतर कधी घराबाहेर काम न केलेली ती बाई अंधारात निघायची आणि सकाळी येऊन झोपायची. स्वयंपाक अबू नासरांकडे आला. ते आधी पडदे ओढायचे, मग कांदा कापायचे. "बघणारे बघतात. बातमी एडनला जाते." एडनहून भावाचे फोन यायचे: तुला युरोप घरबसल्या पैसे देतो, मग आमचे कमी का केलेस? मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "त्याला संशय आला. बरोबर आहे. मीसुद्धा घेतला असता."

दुसऱ्या वर्षी, नाताळानंतर शाळा पुन्हा बंद झाल्या. मी वरच्या खोलीत खिडकीपाशी बसून कंपनीचं काम करायचो आणि समोरच टॅक्सी दिसायची. रोज सकाळी अबू नासर आणि हनान घरातून येऊन टॅक्सीत बसत. टॅक्सी सुरू होत नसे. दुपारी दोघं उतरून घरात जात. हनान पुढच्या डाव्या सीटवर, अबू नासर घोंगडी पांघरून मागे, जणू स्वतःच्याच टॅक्सीत पॅसेंजर. काचा वाफेने आंधळ्या झालेल्या.

माझ्या डोक्यात नको ते येऊ लागलं. घरात कुणाला आजार झाला आणि हे लपवतायत? समोरच्या म्हाताऱ्या बाईंनीही मला कुंपणावरून हटकलं. "युवर मॅन, तो तुमचा शेजारी, टॅक्सीतच राहायला गेला की काय? बायकोने हाकलला नाही ना?"

मी जाऊन सरळ काचेवर टकटक केली. काच बोटभर खाली आली.

"वर्ग चालू आहे," अबू नासर कुजबुजले. "आवाज नको."

घरात दोन खोल्या. एकीत रात्रपाळी करून आलेली आई झोपलेली, दुसरीत नासर आणि त्याच्याहून धाकटा. हनानचं गणित मागे पडायला लागलं होतं. वायफाय टॅक्सीपर्यंत पोचतं हे तिनेच शोधून काढलं. "मग तुम्ही कशाला बसता थंडीत?" मी विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "मुलगी एकटी रस्त्यावर? आणि ते काय शिकवतात, काय विचारतात, चौकशी नको?" लॅपटॉपच्या वर त्यांनी इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी चिकटवली होती. कॅमेरा बंद. कोणीही आपल्या घरात बघायचं नाही, टॅक्सीत तर नाहीच.

हनानला इंजिनिअर व्हायचं होतं आणि सगळं गणितावर अडलं होतं. त्या वर्षी शालान्त परीक्षेला एक नवीच सोय निघाली. शिक्षकांनी दिलेले गुण घ्या, लेखी पेपर द्या, किंवा दोन्ही करा. ज्यात जास्त मिळतील ते तुमचे.

"दोन्हीतले जास्त ते आपले?" अबू नासर म्हणाले. "कुठला दुकानदार असं करतो? यात काहीतरी आहे."

हनानला पेपर नको होता. तयारी अर्धवट झालीय, हे तिला कळत होतं. "गणिताची टीचर मिस केली माझं काम बघते, बाबा."

"काळा चौकोन बघते. तुझं नाव तिला धड घेता येत नाही. ती तुला गुण देणार?"

भांडण माझ्या दारात आलं. मीही कॉलेजात शिकलेला, शिवाय तिऱ्हाईत, म्हणून मी न्यायाधीश. मी खरं तेच सांगितलं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. वडील कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते, आई दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायची. माझी पदवी कुणी दान दिलेली नाही. आणि तोंडी परीक्षेला मी बसलो तेव्हा परीक्षकाने आधी माझं आडनाव दोनदा विचारलं, मग प्रश्न विचारले. सगळी उत्तरं दिली. गुण मिळाले काठावर पास होण्याइतके. लेखी पेपरात मात्र मी पहिला. "पेपर दे," मी हनानला म्हटलं. "पेपरवर नंबर असतो, नाव नसतं."

"हे बघ!" अबू नासर म्हणाले.

"तुम्ही दोघं एकाच कारखान्यातून निघालात," हनान म्हणाली आणि टॅक्सीचं दार आपटून आत बसली.

त्यानंतर काही दिवसांनी माझा फोन वाजला. "भाऊ, खाली एक बाई आली आहे. हातात पाकीट आहे. चौकशी करा."

मी खाली गेलो. मास्क लावलेली, पावसात भिजलेली मिस केली फुटपाथवर उभी होती. पाकिटात सरावाच्या प्रश्नपत्रिका होत्या. पण तिची नजर टॅक्सीवर होती. तिने हळूच विचारलं, "तुम्ही शेजारी ना? ही मुलगी ठीक आहे का? मी तिला कित्येक आठवडे पाहिलेलं नाही. आवाज येतो तो गाडीतून. तिला कामाला तर लावलं नाही ना घरच्यांनी?"

अबू नासरांना ती सरकारची हेर वाटत होती आणि तिला अबू नासर मुलीला राबवणारे वाटत होते. मी मधे दोन मीटर इकडे, दोन मीटर तिकडे. तेवढ्यात हनान टॅक्सीतून उतरली, "हाय मिस" म्हणाली आणि तिच्या मागून घोंगडीसकट अबू नासर उतरले. बाई त्यांच्याकडे बघत राहिली. घोंगडी, लोकरी टोपी, हातात चहाचा थर्मास. मिस केलीने पाकीट कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं, "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत मागे सरकली आणि गेली.

अबू नासरांनी पाकीट दोन दिवस भिंतीवरच ठेवलं. "फुकट का?" तिसऱ्या दिवशी हनानने ते उचललं.

जूनमध्ये ती पेपरला बसली. अबू नासरांनी तिला टॅक्सीने नेलं, टपावरचा टॅक्सीचा दिवा लावून. सप्टेंबरात निकाल लागला. हनानला उत्तरेकडच्या डंडॉक गावी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले. अबू नासर छाती काढून फिरत होते. "बघा. पेपर दिला म्हणून." मीही मनातून फुगलो होतो, खोटं कशाला सांगू? मग आणखी काही दिवसांनी दोन्ही गुण वेगवेगळे बघता येऊ लागले. खालून हाक आली, "भाऊ, उतरा."

टॅक्सीचं दार उघडं होतं. हनान पुढे, ते मागे, नेहमीसारखे. गणितात पेपरचे गुण कमी होते. जागा मिळाली होती ती मिस केलीने दिलेल्या गुणांवर.

"का?" अबू नासर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, भीतीच होती. "तिने मुलीला वर्गात पाहिलंच नाही. मग जास्त का दिले? भाऊ, चौकशी करा."

 हनानने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. काळी पट्टी होती तिथेच होती. तिने त्या पट्टीशेजारच्या बारीक टिंबावर बोट ठेवलं.

"कॅमेरा हा आहे, बाबा. मिस केली येऊन गेली त्या दिवशी मी पट्टी सरकवली. तुम्ही रोज तपासत होता ना पट्टी आहे की नाही? होती. मी रोज दिसत होते. फळ्यावरचं सोडवून रोज दाखवत होते."

 अबू नासरांनी आपल्या सीटकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं आणि हिशोब त्यांच्या लक्षात आला.

"आणि मी?"

"तुम्ही पण. माझ्या खांद्यामागे. रोज. सगळ्या वर्गाला."

"मी काय करत होतो?"

"झोपत होता. तोंड उघडं टाकून. सगळे तुम्हाला 'हनान्स डॅड' म्हणायचे. एकदा तुम्ही आला नाहीत, दाढ दुखत होती तेव्हा, तर मिसने आधी तुमचीच चौकशी केली."

माझी जीभ वळवळली. "मग गुण मुलीला दिले की बापाला?"

हनान गर्रकन वळली. "मला. सोडवले मी. तुम्हाला पण तपासून बघायचंय का? वही आणू?"

मी नको म्हटलं. अबू नासरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग टॅक्सीच्या सगळ्या काचा एकेक करून खाली केल्या.

पुढच्याच महिन्यात ते कुटुंब डंडॉकला गेलं. टॅक्सी तिकडेही चालेल, म्हणाले. निघायच्या सकाळी माझी बेल वाजली. मी दार उघडलं नाही. वरच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवून त्यांना फोन लावला.

"कोण आहे?"

खाली ते भुरभुर पावसात उभे होते. त्यांनी वर बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा फोनवर मोठ्याने हसले.

"अबू हनान."

"अजून कोण?"

"अजून कोण कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "दार उघडा. चहा ठेवा."