येळवशीला गोठलेलं तेल

उदगीरची अंबिका करडई काढताना हातांना फडकी गुंडाळते, तरी काटे बोटांत मोडतातच. पण विकतचं तेल ती घरात येऊ देत नाही. नवरा भीमाशंकर छातीत कळ येऊन लातूरच्या दवाखान्यात पडला, तेव्हापासून तर नाहीच.

मी शेजारीण, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. मीच तिला सांगितलं होतं, "यकृताच्या पेशींवर दारं असतात. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ती आत ओढून घेतात. तूप, पामतेल यांतली गोठणारी चरबी फार झाली की दारं कमी होतात, आणि ते रक्तातच फिरत राहतं. करडईच्या तेलाचं उलट, त्यानं दारं वाढतात. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

तिला पटलं. बिया द्यायच्या मन्मथच्या घाण्यावर. मन्मथ तिचा मानलेला भाऊ, दरवर्षी राखी बांधून घेणारा. पोतं टाकून यायचं, तेल निघालं की डबा आणायचा. समोर बसून गाळून घेण्याची रीत आहे, पण ती कधी थांबली नाही. भावावर पहारा कोण ठेवतं?

तरी तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलंच. अंबिका नवऱ्यावर घसरली. "खरं सांगा, स्टँडवर भजे खाता ना?"

"न्हाई गं. आईची शपथ."

"गेलेल्या आईला कशाला मधी ओढता?"

स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला दम भरून आली. चार माणसांत. भीमाशंकर त्यानंतर स्टँडकडे जाईनासा झाला.

मग येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आली. आमच्याकडे त्या अवसेला सगळं गाव रानात जेवतं. सामान आदल्या संध्याकाळीच कडब्याच्या कोपीत नेऊन ठेवलं होतं. थंडी कडक पडली. सकाळी अंबिकानं डबा तिरपा केला तर तेल येईना. आत पांढरट गोळा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं, करडईचं तेल आपल्या थंडीत असं गोठत नाही.

दुपारी मन्मथ ठरल्याप्रमाणे जेवायला आला. तिनं बाजरीच्या उंड्यांशेजारी तो गोळा वाढला.

"भाऊ, हे काय हाय?"

"थंडी लई हाय, अक्का."

"थंडी मलाबी हाय. मी गोठले का?"

मी म्हटलं, "मन्मथ, पाम आहे ते."

त्यानं मान खाली घातली. "सगळेच मिसळतात, बाई. एकट्या अक्काचा डबा येगळा कुठं काढत बसू?"

"भाऊ व्हतास म्हणून तरी काढायचास," अंबिका म्हणाली. "जेव आता. येळवशीला उपाशी कुणी जात न्हाई." आंबिलीचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला, पण आग्रह केला नाही. तो दोन घास गिळून उठला.

तो बांधापलीकडे गेल्यावर ती नवऱ्याजवळ जाऊन बसली.

"अहो, त्या हॉटेलवाल्याची उद्या माफी मागून येते."

भीमाशंकर उंडा मोडत राहिला. म्हणाला, "मी शपथ घेतली व्हती, अंबिका. आईची."