चाळीस लिटरची बॅग

चार मैत्रिणी जमल्या की कुणी ऑफिसचे किस्से काढतं, कुणी सासरचे. माझ्याकडे एका बॅगेचे आहेत. मी ते जमवायला गेले नव्हते. आमच्या घरात वडीलधारी माणसं जास्त आणि त्यांना कामं कमी, त्यामुळे ते आपोआप साचत गेले. खरं तर पाठीवरची एक बॅग घ्यायची, कपडे भरायचे आणि निघायचं, इतकी साधी गोष्ट. पण बनारसच्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात साध्या गोष्टी तशाच होऊ देत नाहीत.

झालं असं, की एम.एस्सी. संपली आणि मला पुण्यात नोकरी लागली. गावोगाव फिरून विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायचं काम. मंगळवारी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. बाबा संस्कृतचे प्राध्यापक. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, ‘बघू’ म्हणाले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे काका, यांना मी जायलाच नको होतं. शिकवायला गल्लीच्या तोंडाशी मुलींची शाळा असताना बनारस सोडायचं कशाला? पण पोरगी भांडते हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी नोकरीचं नावच काढलं नाही. जे काय बोलायचं ते बॅगेबद्दल बोलले!

*

सामान हा काकांचा विषय. सगळी नोकरी मुगलसरायला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. त्यांच्या मते जगात सामान दोनच प्रकारचं, कुलूप लागतं ते आणि चोरीला जातं ते.

मी म्हटलं, मला पाठीवरची बॅग हवी, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

“पाठीवर ओझं हमाल घेतात, ऋचे. शिकलेली माणसं हमाल करतात.”

मी विचारलं, विहिरीच्या काठावर हमाल कुठून आणू? त्यावर त्यांनी पलंगाखालून आपली पत्र्याची ट्रंक बाहेर काढायला लावली. वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि हुद्दा. तीस वर्षं झाली, म्हणाले, एक पोचा आलेला नाही. ती अंगणात आणायला बाबा आणि शेजारचे भास्करशास्त्री, दोघे लागले. शास्त्रीबुवांनी तर मध्ये दोनदा टेकवली.

ट्रंक रिकामी होती.

*

शेवटी गोदौलिया बाजारातल्या एका दुकानात गेलो. गेलो म्हणजे मी, बाबा आणि न बोलावता काका. बॅग माझी, पण दुकानदार बोलत होता बाबांशी. बिटियासाठी गुलाबी दाखवू का? बाबा म्हणाले, तिलाच विचारा. त्यानं काकांना विचारलं.

मी काळी बॅग निवडली. खांद्याचे पट्टे रुंद, कमरेला पट्टा, आत लॅपटॉपचा मऊ कप्पा. दुकानदार म्हणाला, घेऊन टाका, चालीस लीटर की है.

काका खुर्चीत सरसावून बसले. पार्सल ऑफिसातल्या माणसाला कोणी माप सांगितलं की तो ते तपासल्याशिवाय सोडत नाही. लिटर कसे मोजले? कोणी मोजले? दुकानदार म्हणाला, कंपनीनं मोजले, लेबलवर लिहिलंय. काका म्हणाले, लेबल आम्ही खूप पाहिली. आणि मी पट्टे लावून बघत होते तेवढ्यात त्यांनी काउंटरखालचा पाण्याचा जार उचलून माझ्या निवडलेल्या बॅगेत उलटा केला.

पाणी तळातून दुकानभर झालं. बाबांनी पाय वर घेतले.

“बाबूजी,” दुकानदार शांतपणे म्हणाला, “बैग है, गगरी नहीं।”

काका मला म्हणाले, बघितलंस? गळकी आहे. पण भिजवलेली बॅग विकत न घेता कोण बाहेर पडू देतं? आयुष्यात काकांनी माझ्यासाठी केलेलं हे एकमेव काम.

*

बॅग वाळायला गच्चीवर टाकली. गच्चीवर माकडं. माकडं चेन उघडतात, असं काकांचं म्हणणं. म्हणून त्यांनी दोन्ही चेनी एकत्र आणून त्यात छोटं कुलूप घातलं.

मी म्हटलं, काका, आत काही नाहीये.

“हे तुला माहीत. माकडाला कुठं माहीत?”

मग शेंगदाण्याची पुडी आणि किल्ली कठड्यावर ठेवून ते राखण करत बसले. माकड आलं आणि पुडी घेऊन गेलं. किल्ली पुडीला चिकटून गेली की त्यानं मुद्दाम नेली, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.

बॅग मात्र अगदी सुरक्षित राहिली. माझ्यापासूनसुद्धा! कुलूप तोडायला चौकातून माणूस आणावा लागला.

*

भरायचं काम आईनं घेतलं. मी नीट समजावून सांगितलं होतं, जड सामान पाठीला लागून, रोजचं वरच्या कप्प्यात, लॅपटॉप त्या मऊ कप्प्यात. आई सगळ्याला हो म्हणाली. संध्याकाळी बघते तर लॅपटॉप पलंगावर आणि मऊ कप्प्यात आंब्याच्या लोणच्याची बरणी. बाजूच्या जाळीत गंगाजळाचा गडू, झाकणाला डाख लावून पक्का बंद केलेला.

मी ओरडले, हा कप्पा लॅपटॉपसाठीच शिवलाय.

“लॅपटॉप हातात धरून बसता येतं,” आई म्हणाली. “लोणचं हातात धरून बसशील का पुण्यापर्यंत?”

मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून कपड्यांमध्ये खुपसला.

*

आणि मग तिकीट. मिळालं ते रविवारचं. काकांनी पंचांग काढलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, त्या दिशेला निघायचं नाही. शनिवारचं तिकीट मिळत नव्हतं, सोमवारी निघाले तर मंगळवारी हजर होता येत नव्हतं. काका इतक्या समाधानात मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी चहासुद्धा मागितला नाही, स्वतः उठून केला.

भास्करशास्त्री रामघाटावर पाठशाळेत शिकवतात. ते म्हणाले, यात अवघड काय आहे? प्रस्थान ठेवा. म्हणजे चांगल्या दिवशी प्रवाशाचं सामान वाटेवरच्या दुसऱ्या घरात नेऊन ठेवायचं. सामान निघालं की माणूस निघाला. मग तो मागून केव्हाही जाऊ दे, दिशाशूल लागत नाही. अट एकच, ठेवलेलं सामान घरी परत आणायचं नाही.

आईनं बुधवार पकडला. मी कॉलेजात दाखले आणायला गेले होते. परत आले तर माझी बॅग शास्त्रीबुवांच्या पाठीवर बसून रामघाटाला त्यांच्या पाठशाळेत पोचली होती. कपडे, लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर, सगळं आत. निदान चार्जर तरी घेऊन येते म्हटलं, तर आई दाराला पाठ लावून उभी राहिली. एक वस्तू परत आली तरी प्रवास मोडतो म्हणे. रविवारपर्यंत मी आईच्या साड्या नेसून, बंद फोन हातात घेऊन, घरभर धुमसत फिरत होते.

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि काका दारात खुर्ची टाकून बसले. म्हणाले, प्रस्थान वगैरे सामानाला ठीक आहे, घरची मुलगी आजच्या दिवशी उंबरा ओलांडणार नाही. ऑफिसला कळव, आठ दिवस मागून घे. मी मराठीत भांडले, हिंदीत भांडले. मंगळवार सांगितला, गाडीची वेळ सांगितली. खुर्ची हलली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी होती.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“दादा, ऋचा बुधवारीच गेली.”

काका खुर्चीतल्या खुर्चीत वळले. “गेली? मग बुधवारपासून या घरात जेवतंय कोण?”

बाबा खुर्चीला वळसा घालून दाराबाहेर गेले आणि पायात चपला सरकवू लागले.

“पाहुणी होती,” ते म्हणाले. “तिला गाडीवर बसवून येतो.”