दुसरा ब्रेक

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून धाकटीने दोन रकाने केले होते. डावीकडे ‘इथलं’, उजवीकडे ‘तिथलं’. तीन आठवड्यांत डावा रकाना इतका भरला की पान उलटावं लागलं. उजव्यात चारच ओळी होत्या.

विषय दोन्हीकडे एकच, वाचा-उपचारांचं पदव्युत्तर शिक्षण. कुणाची जीभ अडखळते, कुणाचं पोर तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, कुणाचे झटक्यानंतर शब्द हरवतात, त्यांना बोलतं करायचं शास्त्र. धाकटी हॉस्पिटलात याच विभागात मदतनीस होती. चित्रांची कार्डं लावायची, पेशंटची खुर्ची टेबलाशी आणायची, नोंदी लिहायच्या. पुढे शिकल्याशिवाय स्वतःचे पेशंट मिळणार नव्हते.

इथलं म्हणजे त्याच हॉस्पिटलला जोडलेलं कॉलेज. संध्याकाळचे वर्ग, तीन वर्षं, प्रात्यक्षिक त्याच वॉर्डात, त्याच मोठ्या मॅडमच्या हाताखाली. घरापासून अकरा मिनिटं चालत. तिथलं म्हणजे एका दिवसाच्या प्रवासावरचं विद्यापीठ. दोन वर्षं पूर्णवेळ, आणि दर सहा महिन्यांनी नवं क्लिनिक: एकदा लहान मुलं, एकदा तोतरेपणा, एकदा गिळण्याचे त्रास, एकदा झटक्याचे पेशंट. प्रवेश दोन्हीकडे मिळाला होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत एका ठिकाणी हो म्हणायचं होतं.

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणीही शहाणं माणूस विचारील. चार ठिकाणी चार प्रकारचं शिकणं आणि एकाच खोलीत तीन वर्षं तेच ते बघणं, यातलं चांगलं कोणतं हे कळायला वही लागत नाही. वही लागत होती ती बाबांमुळे.

बाबांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. गल्लीत त्यांना सगळे क्लचमास्तर म्हणत. आवाज असा खणखणीत की मास्तर कोणत्या रस्त्यावर आहेत हे चौकातल्या वाण्याला दुकानात बसून कळे. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. हातपाय बरेचसे सुधारले, काठी घेऊन जिना चढू-उतरू लागले. बोलणं मात्र परत आलं नाही. डोकं शाबूत, समोरच्याचं अक्षरन् अक्षर समजे, पण स्वतः बोलायला जावं तर शब्द हाताला लागत नसे. वाचाघात म्हणतात याला. लागलाच एखादा, तर भलताच. एक ‘गिअर’ तेवढा काही केल्या हरवला नाही. चहा हवा, गिअर. टॉवेल, गिअर. डॉक्टर दिसले की दात-ओठ खाऊन गिअर.

त्या गिअरचा अर्थ लावायची धाकटी. भुवई किती उचलली, हात कुठे वळला, एवढ्यावर ती सांगे, ‘पाणी नको, खिडकी लावा म्हणतायत.’ आणि खरंच तसं असे. लोक तोंडात बोट घालत. हळूहळू लोकांनी मास्तरांना विचारायचंच सोडलं. न्हावी कात्री हातात घेऊन हिला विचारी, किती बारीक करू. पाहुणे मास्तरांच्या शेजारी बसून हिला विचारत, यांना झोप लागते का. बाबांना कामावर फोन करायची सवय लागली. ती हॉस्पिटलच्या बोळात उभं राहून त्यांचा नुसता श्वास ऐके आणि म्हणे, ‘औषधाचा डबा फ्रिजवर आहे, बाबा.’ दिवसातून चारदा, कधी सहादा. अकरा मिनिटांच्या पलीकडे जायची वेळ आली की तीच काहीतरी सबब काढून टाळी.

आईने तर कमालच केली. चौतीस वर्षांचा संसार, पण तीही आता नवऱ्याशी मुलीमार्फत बोलू लागली. नवरा हाताच्या अंतरावर बसलेला, आणि ही म्हणणार, “विचार गं त्यांना, दूध गरम करू का.” धाकटी विचारी, बाबा मान हलवत, धाकटी सांगे. टेलिफोन एक्स्चेंजच झालं होतं पोरीचं.

आणि कुणी तिला कोंडून ठेवत होतं म्हणावं, तर तसंही नाही. सगळे गोडच बोलत. दादा दर रविवारी लांबून फोन करी आणि सांगे की निर्णय तुझाच आहे, फक्त बाबांचा विचार कर. फोनवर सगळेच शहाणे असतात. मोठ्या मॅडम म्हणाल्या, तुझं इथे सगळं जमलेलं आहे, कशाला घडी विस्कटतेस. तयार हाताची मदतनीस कोण सोडेल? आई काहीच म्हणाली नाही. एकदा फक्त भांडी पुसता पुसता म्हणाली, “तू गेलीस की आम्ही दोघं भिंतीशी बोलू.” मग कपाट लावलं. कुणी दार लावलं असतं तर ते ढकलता तरी आलं असतं. इथे दार उघडं होतं आणि पाय निघत नव्हता.

तिथल्या विद्यापीठाने होकाराबरोबर एक काम मागितलं होतं. घरातल्या कुणाशीही दहा मिनिटं साधं बोला, ते रेकॉर्ड करा आणि जसंच्या तसं कागदावर उतरवा. प्रत्येक शब्द, आणि मधल्या प्रत्येक थांब्याचे सेकंद. या कामात थांबे शब्दांइतकेच मोलाचे. हॉस्पिटलातला पहिला नियमच तो: पेशंट शब्द शोधत असेल तर मनात दहा मोजल्याशिवाय त्याचा शब्द आपण बोलायचा नाही. धाकटी त्या बाबतीत भारी कडक होती. गेल्याच महिन्यात एका पेशंटची बायको मध्ये मध्ये बोलते म्हणून तिने बाईंना खोलीबाहेर बसवलं होतं.

बुधवारी दुपारी सुट्टीत घरी येऊन तिने फोन टेबलावर ठेवून बाबांशी दहा मिनिटं गप्पा मारल्या. छान झाल्या. बाबा हसले-बिसले. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती विभागातल्या सामानाच्या खोलीत, कार्डांच्या खोक्यावर बसून, कानाला हेडफोन लावून उतरवायला लागली.

दोन पानं झाली आणि तिच्या लक्षात आलं की पान नुसतं तिच्याच बोलण्याने भरत चाललं आहे. ती पुन्हा मागे गेली. मोजलं. दहा मिनिटांत बाबांचे शब्द अकरा, त्यातले चार गिअर. तिचे सहाशेच्या वर. आणि थांबे? तिने बाबांना दिलेला सगळ्यात लांब थांबा तीन सेकंदांचा होता. बाबा श्वास घेत, घशात काहीतरी घरघरे, आणि तिचा आवाज येई, गोड, चटपटीत, पुढचं सगळं सांगून टाकणारा. आपलाच आवाज ऐकून तिला ओशाळं वाटलं. त्या बाईंना कुठल्या तोंडाने बाहेर बसवलं होतं आपण?

सातव्या मिनिटाला तिने विचारलं होतं, ‘बाबा, मी तिकडे गेले तर चालेल का?’ मग दीड सेकंद. मग तिचाच आवाज: ‘नाही ना? माहितीये मला. बरं, चहा ठेवू?’ आणि त्या चहाच्या खाली, बारीकसा, बाबांचा सुरू झालेला आणि तिथेच विझलेला आवाज.

कालपासून तिच्या मनात पक्कं होतं की बाबा नाही म्हणाले. बाबा काहीच म्हणाले नव्हते. त्या दुपारी तिने एकही कार्ड नीट लावलं नाही. काय म्हणायचं होतं त्यांना? ‘जा’ म्हणायचं असेल. नक्कीच असेल. एकतीस वर्षं लोकांना रस्त्यावर काढणारा माणूस, तो लेकीला घरात बस म्हणेल? चार वाजेपर्यंत तिने बाबांच्या तोंडचं सगळं वाक्यसुद्धा मनात तयार केलं. म्हणजे बघा, खोड जाते का!

संध्याकाळी बाबा खाली अंगणात, त्यांच्या जुन्या गाडीत बसत. गाडी झटक्यापासून उभीच होती. ते बसत शिकवणाऱ्याच्या जागेवर, जिथे पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, चुकला, की मास्तरांनी तो दाबायचा. धाकटीला गाडी त्यांनीच शिकवली होती. तेव्हा ते मांडीवर हात ठेवून, दोन्ही पाय मागे घेऊन बसत आणि म्हणत, माझा पाय ब्रेकवर दिसला की समज, आज तू काही शिकली नाहीस.

ती शिकणाऱ्याच्या जागेवर बसली. दार ओढून घेतलं.

“बाबा, मी तिकडे जाऊ का?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. तिने मोजायला सुरुवात केली. पाचला बाबांचा हात उठला आणि तिच्या जिभेवर तीन वाक्यं येऊन उभी राहिली. तिने स्टीअरिंग घट्ट धरलं. दहा. बाबांचा चेहरा लाल झाला. ‘गिअर’ म्हणाले, चिडून मान झटकली, पुन्हा शोधू लागले. वीस. बाप समोर धडपडतोय आणि आपण नुसतं बघायचं, हे पेशंटच्या बाबतीत किती सोपं होतं. तीस. एक सायकल घंटी वाजवत गेली. चाळीस.

“नको,” बाबा म्हणाले.

तिला वाटलं, चुकून आलं असेल. त्यांचे शब्द भलतेच येतात. बाबांनी तिची शंका ओळखली. बोट तिच्या छातीकडे, मग रस्त्याकडे, मग आडवं हलवलं.

“जाऊ... नको.”

पावणेदोन वर्षांत त्यांनी एकामागून एक जोडलेले हे पहिले दोन शब्द. आनंदाने नाचावं असं काही घडलं होतं. पण दुपारभर मनात घोळवलेलं ‘जा’ आता कुठे ठेवायचं तेच तिला कळेना.

“का?” तिने विचारलं. आणि पुन्हा मोजायला लागली. या वेळी सहा वेळा दहा झाले. बाबांनी गिअर गिळला, खोकले, काच खाली केली, वर केली.

“आई,” ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, “बोलत... नाही.” आणि बोट स्वतःकडे.

तेव्हा तिला ते कळलं. म्हणजे घरात आता जे काही बोलणं होतं ते सगळं हिच्या तोंडून जात होतं. ही गेली की त्या दोन खोल्यांत दोन माणसं आणि चिडीचूप. बाबांना पाण्याची, औषधाची भीती नव्हती. त्यांना याची भीती होती. आणि त्या दोघांमधली वाट बुजवली कुणी? हिनेच. मायेने. पावणेदोन वर्षं पाय ब्रेकवर ठेवून.

रडून घ्यावं आणि राहते म्हणावं, हे फार सोपं होतं. रोज तेच तर करत होती. पण आजवर ती ज्या बाबांसाठी राहत होती त्यांचं बोलणंही तीच बोलत होती. आज समोर बसलेल्या माणसाने स्वतः मागितलं होतं, आणि मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.

“मी जाणार आहे, बाबा,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उजवा पाय उचलला आणि दुसरा ब्रेक खाडकन खाली दाबला. उभ्या गाडीचा. पाय तसाच ठेवून समोर बघत बसले.

ती वर गेली. आईने भाजी उतरवली होती, ताटं मांडली होती. न वळताच म्हणाली, सांग त्यांना, जेवण तयार आहे.

“तू सांग.”

“मी काय सांगू? मला कुठे कळतं त्यांचं?”

“कळायला वेळ लागतो. थांबावं लागतं. जा तू. मी नाही जाणार.”

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला वेडच लागलंय. मग पदराला हात पुसले आणि तोंडाने पुटपुटत जिना उतरली. धाकटी खिडकीशी उभी राहिली. आई गाडीच्या काचेशी वाकली. काहीतरी म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून उभी. मग दोन्ही हात हवेत, काय ते लवकर सांगा अशा अर्थाचे. बाबांचं डोकं हललं. त्यांना काय हवंय ते धाकटीला इथूनही दिसत होतं, अगदी स्वच्छ. जिन्याच्या बारा पायऱ्या. ती चार उतरलीसुद्धा. मग कठड्याला धरून तिथेच बसली, कारण परत वर जाण्याची ताकद नव्हती आणि खाली जायचं नव्हतं.

खालून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. आईचे गुडघे दुखतात. ती बसली असणार. मग काहीच ऐकू येईना. भाजी गार झाली.

पाऊण तासाने दोघं वर आली. पुढे काठी, मागे आई. बाबा धाकटीच्या बाजूने गेले, तिच्याकडे न बघता. आई धापा टाकत होती आणि भयंकर वैतागली होती.

“एक वाक्य बोलायला अर्धा तास घेतला या माणसाने,” ती म्हणाली.

“काय म्हणाले?”

आईने आत जाऊन भाजीवरचं झाकण काढलं.

“ते आमचं आमच्यात. तुला काय करायचंय?”

शुक्रवारी साडेअकराला धाकटीने होकार पाठवला. सोबत ते दहा मिनिटांचं उतरवलेलं बोलणंही जसंच्या तसं जोडलं, सातव्या मिनिटाच्या दीड सेकंदासकट. खाली शेरा लिहायची जागा होती. तिथे तिने लिहिलं, ‘चूक माझी.’ मग वाटलं हे रडगाणं झालं, ते खोडून लिहिलं, ‘थांबे कमी पडले.’

घरी आली तेव्हा बाबा तिच्याशी बोलले नाहीत. शनिवारीही नाही, रविवारी दादाचा फोन आला तेव्हाही नाही. कामावर फोन येणं बंद झालं. बोळात उभी राहून ती दिवसातून चारदा, कधी सहादा, फोन खिशातून काढून बघे.