कण्यांच्या हौदात मिस ओझेला

अर्धी वाट सरली तेव्हा ओझेला गँट रुळांच्या कडेला थांबली. झगा गुडघ्यापर्यंत उचलून म्हणाली, "बघ गं शालन, गाठ सैल झालीय का?"

शालनने वाकून पाहिलं. रविवारी चर्चला घालायच्या फुलाफुलांच्या झग्याखाली ओझेलाने नवऱ्याची डांगरी, छातीपर्यंत येणारी ढगळ कामाची विजार, चढवली होती. ऑटिस जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण माणूस असा दांडगा, की त्याच्या डांगरीत दोन ओझेला सहज मावल्या असत्या. दोन्ही पाय घोट्यापाशी पोत्याच्या सुतळीने करकचून आवळलेले.

"सैल कशी होईल? तुम्ही बांधलीय."

"मग चल. आणि हसू नकोस."

"मी कुठं हसतेय, मिस ओझेला?"

"तुझे खांदे हसतायत."

सत्तरी ओलांडलेली ही बाई, लग्न होऊनही इकडच्या रीतीने साऱ्या गावाची 'मिस'च. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, सांडलेला मक्याचा दाणा दिसला तर वाकून उचलणारी. ती आज जत्रेतल्या शर्यतीत लोळायला निघाली होती. लोळायचं कशात, तर भिजवलेल्या मक्याच्या कण्यांच्या हौदात! शिट्टी वाजली की उडी मारायची, पुन्हा वाजली की बाहेर यायचं. ज्याच्या अंगाला, कपड्यांना जास्त कण्या चिकटतील तो जिंकला. आधी काट्यावर उभं राहायचं, नंतर पुन्हा उभं राहायचं.

मुलगा हॉलिस रस्त्याकाठच्या दुकानात कण्यांच्या पिशव्या विकत बसला होता. त्याला ती सांगून आली होती, "शालनबरोबर जरा पाय मोकळे करून येते." जत्रेसाठी मोठा रस्ता बंद, गाडी जायची नाही, आणि गेली असती तरी गाडी चालवायला हॉलिसलाच सांगावं लागलं असतं. म्हणून ही रुळांकडेची पायपीट. सोबतीला शालन, कारण ती रस्त्यापलीकडे राहायची आणि गुपित पोटात ठेवायची. साताऱ्याकडची पोर लग्न होऊन दक्षिण कॅरोलायनात आली, तिचे केस आता इथेच पिकले होते. ती तिकडच्या मासिकाला अधूनमधून काहीबाही लिहून पाठवते, हे ओझेलाला ठाऊक होतं.

आता या वयात हे थेर कशाला, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर एकच होतं. दगड.

ओझेलाच्या माहेरची चक्की ओढ्याच्या पाण्यावर फिरते. तिचं जातं पुरुषभर रुंद. बापाने जाताना दोन्ही मुलींना वाटून दिलं ते असं : ओझेलाला नाक, धाकट्या ल्युवेनियाला हात. ओझेला नुसत्या वासावरून सांगे, मका कुठल्या शेतातला आणि किती उन्हं खाल्लेला. ल्युवेनिया दगडाला टाकी लावी, म्हणजे छिन्नीने खाचा पाडी. दगडावरच्या खाचा झिजल्या की जातं दळत नाही, नुसतं घासतं. मग दगड तापतो, कण्या करपतात. टाकी लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. दोन राज्यांत मिळून आणखी एक जण ते करायचा, तो गेल्या हिवाळ्यात देवाघरी गेला. हॉलिसने एकदा हात चालवून पाहिला आणि दगडाची कड उडवली. आता दगड इतका गुळगुळीत झाला होता, की उन्हाळा संपायच्या आत चक्की बंद ठेवावी लागणार होती.

आणि ल्युवेनिया सात वर्षांत चक्कीत फिरकली नव्हती.

ती शर्यत पहिल्यांदा झाली त्या साली ल्युवेनिया हौदात उतरली आणि चक्क जिंकली. ओझेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या अन्नासाठी रोज देवापुढे हात जोडायचे त्यात लोळायचं? बुधवारी प्रार्थनेच्या वेळी पाळकाने विचारलं, आज कुणासाठी प्रार्थना करू या? कुणी आजारी काकाचं नाव घेतलं, कुणी गुडघ्याचं. ओझेला उभी राहिली. "माझ्या बहिणीसाठी. तिची अक्कल कण्यांत सांडलीय, ती देवाने वेचून परत द्यावी."

भर चर्चमध्ये! ल्युवेनियाही उठली. "माझीही एक विनंती आहे. ज्या दिवशी माझी बहीण त्याच हौदात लोळेल, त्या दिवशी प्रभूने मला टाकी उचलायचं बळ द्यावं. त्याआधी नको."

सवयच ती. सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "आमेन!"

झालं. रागाचं बोलणं परत घेता येतं, पण ज्यावर आमेन पडलं ते कोण परत घेणार? ल्युवेनिया टाक्यांची चामडी पिशवी काखेत मारून निघून गेली.

"तिनं शब्द पाळला नाही तर?" जत्रेचा बँड ऐकू येऊ लागला तेव्हा शालनने विचारलं.

"ल्युवेनिया हट्टी आहे, भांडकुदळ आहे, तिची बिस्किटं दगडासारखी होतात. पण देवापुढं बोललेलं ती मोडायची नाही," ओझेला म्हणाली आणि पावलं उचलली.

काट्यापाशी चर्चचा डीकन पर्विस भोंगा घेऊन उभा होता.

"मिस ओझेला! देणगीची पेटी तिकडं आहे."

"मला काट्यावर चढायचंय, पर्विस."

पर्विसच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. ओझेलाने झगा डोक्यावरून काढला, घडी घालून शालनच्या हातात दिला आणि ऑटिसच्या डांगरीत काट्यावर चढली. मग चर्चच्या गायकांपैकी कुणीतरी अशी किंकाळी फोडली, की बँडवाल्याचा सूर चुकला.

पर्विसने आकडा पुकारायला सवयीने भोंगा तोंडाशी नेला.

"पर्विस," ओझेला म्हणाली, "लहानपणी तू कुठं काय केलंस ते मला सगळं आठवतं."

पर्विसने भोंगा खाली केला आणि आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात घातली.

ओझेला हौदाच्या काठाशी आली. नाक फुललं. "कारखान्याच्या. दाण्यातला कोंब काढून टाकलेल्या. बिचाऱ्या! संध्याकाळी यांचं काय करता?"

"डुकरांना जातात, मिस ओझेला."

तिने डोळे मिटले. "देवा, डुकरांचा घास उष्टावतेय. मोठ्या मनानं घे."

शिट्टी वाजली आणि ती धपकन आत पडली.

बाकीचे स्पर्धक गडबडा लोळत होते. ओझेला मात्र लोळली नाही. तिने जन्मभर जे केलं तेच केलं, पोतं भरलं! डांगरीची छाती उघडली आणि दोन्ही ओंजळींनी कण्या आत लोटू लागली. पोतं ठासून भरायचं तर मधूनमधून आपटावं लागतं, म्हणून ती उभी राहून उड्या मारू लागली. धप! कण्या पायात गेल्या. धप! आणखी गेल्या. इतरांच्या विजारींचे पाय चिकटपट्टी सुटून गळत होते. हिची सुतळीची गाठ तसूभर हलली नाही. लोक बाकांवर चढून ओरडत होते. शालन एका हाताने झगा आणि दुसऱ्याने पोट धरून उभी होती.

पुन्हा शिट्टी वाजली. सगळे बाहेर आले. ओझेला आली नाही. तिचा पाय उचलेना. दोन्ही पाय खांबासारखे फुगलेले, आणि मधोमध ती, भरलेल्या पोत्यासारखी डुलणारी.

"पर्विस, मी रुतले!"

गर्दीतून एक छत्री फेकली गेली. "बाजूला व्हा! तिला ओढायची म्हणजे काखेत धरावं लागतं, ती लहानपणापासून तशीच रुतते." ल्युवेनियाच ती. पांढरी टोपी, मोत्यांची माळ, पहिली विजेती म्हणून मानाच्या खुर्चीवर बसवलेली. काठावर गुडघे टेकून तिने बहिणीला काखेत धरलं, ओढलं, आणि टोपीसकट हौदात कोसळली.

वर आली तेव्हा मोत्यांच्या माळेवर कण्यांची दुसरी माळ होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी ओझेलाचं पोट हललं. मग ल्युवेनिया फसकन हसली, तिच्या तोंडातून कण्या उडाल्या, आणि मग कुणाला आवरेना.

"दगड कधीपासून तापतोय?" डोळे पुसत ल्युवेनियाने विचारलं.

"तुला कोण म्हणालं?"

"जीभ म्हणाली. ईस्टरपासून तुझ्या कण्या करपट लागतायत."

"तू माझ्या कण्या खातेस?"

"मग काय या खाऊ? दर शनिवारी हॉलिसकडून नेते. मागच्या दारानं."

"हॉलिस!" ओझेला ओरडली. मैलभर दूर असलेल्या हॉलिसला ते बहुधा ऐकू गेलं असावं.

"टाक्यांची पिशवी गाडीत आहे," ल्युवेनिया म्हणाली.

"आज नेमकी कशी गं?"

"दर जत्रेला असते. तू आली नाहीस, त्याला मी काय करू?"

ओझेलाने बहिणीची टोपी कण्यांतून शोधली, झटकली आणि तिच्या डोक्यावर नीट बसवली.

मग चार जणांनी ओझेलाला उचलून काट्यावर ठेवलं, आणि पर्विसने या खेपेला भोंगा सोडला नाही. ल्युवेनियाचा जुना विक्रम असा मोडला, की तिनेच आधी टाळ्या वाजवल्या आणि मग तक्रार केली, की सुतळी बांधणं ही लबाडी आहे.

सोमवारी चक्कीत वरचा दगड उचलून पालथा घातला होता. ल्युवेनिया कोंड्याच्या पोत्यावर कोपर टेकून टक, टक, टक करत खाचा उकरत होती, आणि ओझेला कुंचल्याने धूळ झाडत तिला सांगत होती, की इथे राहिलंय, तिथे राहिलंय.

"नाक आहे ना तुला? मग वास घे. हात माझे आहेत."

"बापाने तुला जीभही दिली, ती चुकून."

दिवस कलता कलता हॉलिसने पाणी सोडलं. दगड फिरला. ओझेलाने पन्हळीखाली तळहात धरला. कण्या आल्या, ओढ्याच्या पाण्यासारख्या गार. तिने चिमूट नाकाशी नेली, तळहात तसाच बहिणीपुढे केला. ल्युवेनियानेही वास घेतला. दोघींनी मान खाली घातली, आणि शालननेही दारातच हात जोडले.

मग ओझेला शालनकडे वळली. ओझेलाच्या कानामागे अजून शनिवारच्या जत्रेतली एक कणी चिकटलेली होती.

"पोरी, तुझ्या त्या मासिकात हे लिहिणार आहेस ना?"

"तुम्ही म्हणत असाल तर."

"लिही. मी रुतले ते लिही. ती टोपीसकट पडली ते तर दोनदा लिही. कण्या किती चिकटल्या तेही हवं तर लिही." ओझेला जवळ आली आणि आवाज खाली आणला. "पण पर्विसच्या खिशात जी चिठ्ठी आहे ना, पहिल्यांदा काट्यावर चढले तेव्हाची, त्यातला आकडा तेवढा लिहू नकोस. तो देवाला ठाऊक आहे, पुरे झालं."