महानगराचे वीस गुण

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. विद्यापीठात एक जागा भरायला काढायची आणि शांत बसायचं. बाकीचं काम माणसं करतात! आमच्या यवतमाळच्या छोट्याशा विद्यापीठात मध्यंतरी 'नागरी शिक्षण' या विषयाचा वरिष्ठ प्राध्यापक नेमायचा होता, म्हणजे शहरांतल्या आणि वस्त्यांतल्या मुलांच्या शाळेचा अभ्यास केलेला माणूस. त्या भरतीचे किस्से मी कँटीनमध्ये इतक्यांदा सांगितलेत, की मित्र पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. शेवटचा मात्र अजून कुणाला सांगितलेला नाही.

*

पहिली बैठक. विभागात सर्वांत तरुण मी, शिवाय कंत्राटी, म्हणून सगळी लिखापढी माझ्याकडे. डीन सरांनी विचारलं, "आपल्या जिल्ह्यात नागरी असं आहे तरी काय?"

कुणी यवतमाळ म्हणालं. कुणी खाणींमुळे वणी म्हणालं. फाइल घेऊन उभे असलेले आमचे हेडक्लार्क गजूभाऊ म्हणाले, "बाभुळगाव घ्या ना सर! सिग्नल नाई, पण बाजाराच्या दिवशी जाम पुरा नागपूरसारखा लागते!"

सगळे हसले. इतिवृत्तात बाभुळगाव घालू नका, असं डीन सरांनी मला दोनदा बजावलं.

*

जाहिरात आली आणि फोन सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, "आमचे जावई आहेत. एकदम सीनियर माणूस."

मी विचारलं, "त्यांचा विषय कोणता?"

"तुम्ही म्हणाल तो!"

मी पेटलो. एकही जावई आत शिरणार नाही अशी गुणपत्रिका करायची, असं ठरवून बसलो आणि एक नवा रकाना घातला: महानगरपालिका क्षेत्रात दहा वर्षं काम, वीस गुण. डीन सर म्हणाले, "कडक!"

गजूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. "सर, आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका एकबी नाई."

"म्हणूनच तर!" मी म्हणालो. केवढ्या ऐटीत म्हणालो!

*

त्याच आठवड्यात मी वणीला गेलो, सुनंदाताईंकडे. वीस वर्षं तिथल्या बीएड कॉलेजात शिकवतात, पीएचडी आहेत, आणि रोज कॉलेज सुटल्यावर कोळशाच्या ट्रकवर राबणाऱ्यांच्या वस्तीत मुलांचा वर्ग घेतात. पत्र्याची एक खोली, बाहेर काळी धूळ. या विषयावर मला जे थोडंफार कळतं, ते त्यांच्याकडून.

"मले कोण घेते बाप्पा तिथं?" त्या म्हणाल्या.

"ताई, ही जागा तुमच्यासाठीच आहे," मी म्हणालो. "तुम्ही फक्त अर्ज करा."

वणी नगरपरिषदेत येते. हे मला ठाऊक होतं. माझा रकानाही मला पाठ होता. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत.

*

पुण्याहून एका सरांचा अर्ज आला होता. मुलाखतीच्या आधी त्यांनी मला फोन केला. "यवतमाळ स्टेशनवरून कॅब मिळेल ना?"

मी फोनवर हात ठेवून गजूभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांगा, कॅब हाय. स्टेशन तेवढं येऊन राह्यलं!"

शेवटी धामणगावच्या स्टेशनवर मीच गाडी घेऊन गेलो. वाटेत सर कापसाच्या शेतांचे फोटो काढत होते. त्याच सकाळी सुनंदाताई एसटीने आल्या, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. त्यांना घ्यायला स्टँडवर जावं, हे कुणालाच सुचलं नाही. कुणालाच म्हणजे मलाही नाही.

*

मुलाखतीआधी उमेदवाराने एक तास शिकवून दाखवायचा असतो. श्रोते म्हणून बीएडची मुलं बसवली होती. गजूभाऊंनी त्यांना दारातच सांगून ठेवलं, "पुण्याच्या सरांसाठी दोन टाळ्या जास्त वाजवजा. लांबून आले हायेत."

पुण्याच्या सरांनी चांगल्या स्लाइड दाखवल्या. मुलांनी दोन टाळ्या जास्त वाजवल्या.

सुनंदाताईंनी फळ्यावर एका मुलाचं वर्ष काढलं. जूनमध्ये वणीची शाळा, दिवाळीनंतर आईबरोबर राळेगावात कापूस वेचणी, मग वीटभट्टी, उन्हाळ्यात परत वणी. "याचं नाव तीन शाळांत हाय आणि हा एकाही शाळेत नाई. सांगा, हा शहराचा का खेड्याचा?"

दाराशी उभे असलेले गजूभाऊ म्हणाले, "मॅडम, हा तर माह्या बहिणीचा पोरगा हाय."

कुणी हसलं नाही. टाळ्या वाजवायचंही सगळे विसरले.

*

बेरीज माझ्याकडे होती. सगळ्या रकान्यांत सुनंदाताई पुढे. शेवटचा रकाना: पुण्याच्या सरांना वीस, ताईंना शून्य. पुण्याचे सर नऊ गुणांनी वर गेले.

डीन सर थोडे थांबले. खरंच थांबले. "काय करायचं? नियम तर तुम्हीच केलाय."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. सर, रकाना माझा, चूकही माझी, काढून टाका. समितीसमोर माझी फजिती झाली असती, एवढंच. आणि कंत्राट नव्याने व्हायचं होतं, तेही खरं.

"नियम तो नियम, सर," मी म्हणालो आणि सही केली. ताईंना गेलेल्या नकाराच्या पत्रावरही समितीचा सचिव म्हणून माझीच सही आहे.

*

पुण्याचे सर रुजू झाले. माणूस भला निघाला. पहिल्याच महिन्यात म्हणाले, "मला इथली नागरी वस्ती दाखवा ना." जिल्ह्यात दाखवण्यासारखी एकच खोली मला माहीत होती. तीन दिवस फोन हातात घेऊन बसलो, मग लावला.

"या ना!" सुनंदाताई म्हणाल्या. "पोरायले सांगून ठेवते."

आम्ही गेलो: सर, मी आणि गाडीत पुढे गजूभाऊ. पत्र्याच्या खोलीत तीसेक मुलं दाटीवाटीने बसली होती. ताईंनी सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मुलांकडे वळल्या.

"पोरं हो, मी सांगत होते ना, एक सर आपल्या वस्तीत आले अन् म्हणाले, ताई, तुमी युनिव्हर्सिटीत पाह्यजे. थेच हे सर. वीस वर्षांत असं म्हणणारा एकच माणूस भेटला. वाजवा टाळ्या!"

मुलं उभी राहिली. टाळ्या थांबेचनात. पुण्याचे सरही वाजवत होते.

गजूभाऊ माझ्या कानाशी आले. "घ्या सर," ते म्हणाले, "दोन जास्तच हायेत."