वहिनींनी बसवलेला सेल्फ

मी तळेगावच्या शाळेत इंग्रजीचा तास घेत होतो. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. दादाचं अक्षर. "सरू गेली. लगेच ये." चिठ्ठी दोनदा वाचली, आणि मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, हसूच आलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे वहिनी उभ्या होत्या, कोपरापर्यंत दोन्ही हात लालभडक, आणि दादाच्या मोटारीखालून मला दटावत होत्या… मग मात्र फळ्याकडे तोंड फिरवावं लागलं. आता महिना उलटून गेला. रडणं सगळ्यांचं रडून झालं आहे. म्हणून ती लाल हातांचीच गोष्ट सांगतो.

सरूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर परंदवडीचं, दावणीला सहा बैल असलेल्या घरचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण माझ्यासारख्या मास्तराला दिवसातून दोनदा वेड्यात काढायच्या. दादाची भाड्याची मोटार होती. लोणावळा स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांना बंगल्यांवर पोचवायचं, खंडाळ्याचा कडा दाखवून आणायचा, असा त्याचा धंदा. वहिनी मोटारीला 'माझी सवत' म्हणत, आणि सवतीला रोज स्वतःच्या हाताने पुसत.

त्या मोटारीचा सेल्फ कधीचा मेला होता. सेल्फ म्हणजे बटण दाबलं की इंजिनाला पहिला गरका देणारी विजेची मोटर. ती नसली की पुढून हँडल मारायचं. एके दिवशी ते हँडल उलटं फिरलं आणि दादाचं मनगट मोडलं. हाडवैद्याने हाड बसवलं, जुळलंही चांगलं. पण दादाचं मन काही जुळेना. हँडलला हात घातला की त्याला घाम फुटायचा. आमचं घर कुसगावच्या रस्त्यावर चढाला, तिथून गाडी उतारावर सोडून चालू व्हायची. पण स्टेशनवर सपाटी. तिथे हमाल गाडी ढकलायचे आणि गिऱ्हाईक आत बसून बघायचं. एक पारशी म्हातारे हसत हसत उतरले आणि टांग्यात जाऊन बसले. दादा घरी आला आणि म्हणाला, "विकून टाकतो. देहूरोडच्या डेपोत पहारेकरी घेतायत." पुण्याचा एक व्यापारी गुरुवारी गाडी न्यायला येणार, असं ठरलंसुद्धा.

मी दिवाळीच्या सुट्टीत तिथेच होतो. वहिनी मला चुलीपाशी बोलावून म्हणाल्या, "भावजी, त्यो मानूस गाडीबिगर जगंल, पन हसायचा न्हाई. मला तसला नवरा घरात नको." आणि कणगीत हात घालून, ज्वारीखालून, त्यांनी एक गंजकी लोखंडी नळकांडी बाहेर काढली. शेजारच्या बंगल्यात त्याच जातीची एक मोटार मोडून पडली होती. माळ्याला दोन कोंबड्या देऊन वहिनींनी तिचा सेल्फ उतरवून आणला होता. लढाईच्या दिवसांत सुटा भाग कुठे मिळत नव्हता, आणि यांनी तो धान्यात पुरून ठेवलेला.

मंगळवारी दादा नोकरीचं विचारायला देहूरोडला गेला आणि आम्ही कामाला लागलो. मी गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचायचं, हात वहिनींनी लावायचा. मी थेट सेल्फच्या पानावर गेलो. वहिनींनी पान्हा लावला तोच फाडकन ठिणगी उडाली. बॅटरीची तार आधी सोडावी, हे सुरुवातीच्या सूचनांत लिहिलेलं, आणि सूचना वाचायची मला सवय नाही.

"पोरांस्नी काय शिकीवता वो तुमी?" मोटारीखालून आवाज आला.

जुना सेल्फ निघाला. त्याचे बोल्ट निघाले त्या क्रमाने परातीत मांडले होते. नवा बसवणार, तर वहिनी म्हणाल्या, थांबा. माहेरून पोळ्याचा हिंगूळ आणलेला होता, बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग. तो तेलात कालवून त्यांनी त्या नळकांडीला चोपडला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाल करून घेतले. "जू मानेवर घ्यायचंय तिला. रंगल्याबिगर जुंपायची व्हय?" गंज झाकला जातोय, चांगलंच आहे, असं मला वाटलं. रंग वाळेपर्यंत जेवलो, मग सेल्फ बसवला, तारा जोडल्या. वहिनींनी आत बसून पायाने बटण दाबलं.

काही नाही. हूं की चूं नाही.

पुन्हा दाबलं. बोल्ट पुन्हा आवळले. वहिनी उतरून ओट्यावर बसल्या. त्यांना मी हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माजंच चुकलं," एवढंच म्हणाल्या. मी यावेळी पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो… आणि सापडलं. सेल्फचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला चिकटायला हवं, वीज त्याच वाटेने परत जाते, मधे रंग आला तर अडते. मी वहिनींच्या हातांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "म्हंजी म्या सवतीचं तोंडच बांधलं म्हना की," म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मग मोटारीखालून मला दटावत त्यांनी सेल्फ पुन्हा उतरवला. दोघं मिळून टेकायची ती जागा राख आणि विटेच्या तुकड्याने तांब्यासारखी लख्ख घासली. दादाची आगगाडी यायला अर्धा तास उरला असताना इंजिन सुरू झालं. वहिनींनी झटकन बंद केलं. "बास. आता गुरुवारपत्तुर तोंडातनं चकार न्हाई काडायचा."

गुरुवारी व्यापारी आला. दादा मान खाली घालून गाडी उताराकडे ढकलायला निघाला. वहिनी म्हणाल्या, "आत बसा की. पायानं दाबून तर बघा." दादाने त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. बसला. दाबलं. इंजिन घुमलं. तो उतरला नाही, फक्त म्हणाला, "चल, बस." आणि वहिनींना घेऊन जो गेला, तो दिवेलागणीला परत आला. व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचं काम माझ्याकडे.

परवा वहिनींचे दिवस झाल्यावर दादा आणि मी ओट्यावर बसलो होतो. दादा म्हणाला, "कणगीतला सेल्फ मला आदल्या रविवारीच दिसला होता. देहूरोडला मी नोकरी विचारलीच नाही. दिवसभर फलाटावर बसून होतो, तुम्हांला अंगण मोकळं मिळावं म्हणून." मी म्हटलं, मग गुरुवारी एवढा का थांबलास? "गाडी चालू नाही झाली तर सरूकडे बघू कसा, याची भीती वाटली रे. हँडलची कधी एवढी वाटली नव्हती."

हल्ली तो भाडं घेत नाही. पेट्रोल अजून कुपनावर मिळतं. तरी सकाळचा चहा झाला की दादा गाडीत जाऊन बसतो, एकदा बटण दाबतो आणि जागच्या जागी इंजिन चालू ठेवतो. मी परवा विचारलं, कुठे जायचंय का? म्हणाला, "कुठं नाही. घर लय गप्प झालंय."